थीम पार्कचं तिकीट: आधी साधं काढून तिथे वाढवावं, की घरूनच एक्सप्रेस घेऊन निघावं?

सावळजकर (तासगाव)

दिवाळीच्या सुट्टीत खोपोलीच्या इमॅजिकाला जायचं घाटतंय. आम्ही सावळजहून निघणार, बहीण आणि दाजी साताऱ्याहून. माणसं अकरा. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे, आम्ही चौघं मोठी आणि पाच पोरं. पोरांतली दोन कॉलेजात, एक सातवीत, एक दुसरीत आणि शेंडेफळ अंगणवाडीत. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागेत रोजचं काम असतं, त्यामुळे दोन दिवसांच्या वर मला घर सोडता येत नाही. म्हणजे पार्कला एकच दिवस मिळणार आणि तोही ऐन गर्दीतला.

प्रश्न तिकिटांचा आहे. साधं तिकीट, रांग टाळायचं एक्सप्रेस तिकीट, वॉटर पार्क धरून कॉम्बो, स्नो पार्क वेगळं, असे बरेच प्रकार दिसतायत. माझं मत असं की सगळ्यांची साधी तिकिटं काढावीत आणि तिथे रांगा बघून लागलंच तर फरक भरून वाढवावीत. बायकोचं आणि बहिणीचं म्हणणं बरोबर उलट: एवढं लांब जायचं तर घरूनच एक्सप्रेस घेऊन निघू. दुसरी अडचण आई-बाबांची. ते कुठल्याही मोठ्या राइडमध्ये बसणार नाहीत, मग त्यांचं पूर्ण तिकीट का काढायचं? जाणकारांनी अनुभव सांगावेत.

अजिंक्यतारा (सातारा)

साधं तिकीट वर नेता येतं, महागाचं खाली आणता येत नाही. सगळा हिशेब एवढ्यावरच आहे. एक्सप्रेस काढून गेलात आणि त्या दिवशी नेमकी गर्दी नसली, तर जादा भरलेले पैसे कुणी परत देत नाही. त्यामुळे तुमचंच बरोबर.

मात्र दार उघडायच्या आधी दारात हजर पाहिजे. सकाळचे पहिले दोन तास हेच खरं एक्सप्रेस. आत शिरल्यावर बहुतेक मंडळी पहिल्याच चौकात फोटो काढत रेंगाळतात आणि दिसेल त्या पहिल्या राइडला उभी राहतात. तुम्ही पोरांना घेऊन सरळ मोठ्या रोलर कोस्टरकडे चाला. पाळणे, रंगीत चक्रं हे दुपारनंतरही होतं.

आणि आदल्या रात्री खोपोलीत किंवा लोणावळ्यात मुक्काम करा. पहाटे सावळजहून निघून दार उघडायच्या वेळेला पोचणं होणार नाही. खंबाटकी, कात्रज आणि सुट्टीतला एक्स्प्रेस-वे, तीन ठिकाणी अडकायची तयारी ठेवायला लागते.

विट्याची_लेक

अजिंक्यतारा दादा, आडदिवशी हे खरं आहे. दिवाळीत नाही. एक्सप्रेसची तिकिटं कुठलंही पार्क मोजकीच विकतं, कारण सगळ्यांनाच विकली तर ती रांगही साध्या रांगेएवढीच लांबेल. सुट्टीच्या दिवशी ती आधी संपतात. मग खिडकीवर फरकाचे पैसे हातात धरून उभं राहिलं तरी काही मिळत नाही. वाढवता येतं हे खरं, पण शिल्लक असेल तर.

सावळजकर, तुमच्या मिसेस आणि बहीण बरोबर आहेत.

कोरेगावचा_घेवडा

एवढा इचार कशाला करताय राव, मार्गशीर्षात पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेला या. आकाशपाळणा हाय, मौत का कुआँ हाय. पाळणेवाल्याला नुसतं "भावा, गावचाच हाय" म्हणायचं, दोन फेऱ्या जास्त मारतो. असलं अपग्रेड कुठल्या पार्कात हाय सांगा! 😄

सावळजकर

घेवडाभाऊ, पुसेगावला दरवर्षी येतोच. पोरांना आता उलटं टांगणारं पाहिजे.

मिरजेचा_करसल्लागार

तिकिटाच्या दराची तुलना करताना एक गोष्ट बघत चला: दाखवलेला दर कर धरून आहे की वगळून. थीम पार्कच्या प्रवेशावर जुलै २०१७ मध्ये २८ टक्के जीएसटी होता, २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्के झाला. म्हणजे समजा एका ठिकाणी १,००० रुपये अधिक कर लिहिलंय आणि दुसरीकडे १,१५० रुपये सगळं धरून, तर दुसरं स्वस्त. पहिलं १,१८० ला जातं. अकरा माणसांत हा फरक सव्वातीनशेच्या पुढे गेला. वर ऑनलाइन बुकिंगचा आकार लागतो तो वेगळा. तेव्हा तुलना पहिल्या पानावर करू नका, पैसे भरायच्या शेवटच्या पानापर्यंत जा आणि तिथला आकडा धरा.

पार्कच्या स्वतःच्या संकेतस्थळावर आणि बाहेरच्या तिकीट-ॲपवर अटीही वेगवेगळ्या असतात. ॲपवरून स्वस्तात घेतलेलं तिकीट पार्काच्या खिडकीवर वाढवून द्यायला ते तयार होतीलच असं नाही, कारण ते पैसे त्यांच्याकडे थेट आलेले नसतात. पुढे वाढवायचा विचार असेल तर पार्काकडूनच थेट घ्या.

कासेगाव_ते_टॅम्पा

करसल्लागारांचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. मी गेली बरीच वर्षं फ्लोरिडात असते. ऑर्लँडोचं डिस्ने वर्ल्ड आमच्यापासून गाडीने दीडेक तासावर, त्यामुळे गावाकडून कुणीही आलं की पाहुण्यांच्या तिकिटांचं खातं माझ्याकडे. तिथली पद्धत सांगते, तुलनेला उपयोगी पडेल.

तिथे एका आवारात चार मुख्य पार्क आहेत. त्यातलं मॅजिक किंगडम हे पहिलं, १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलेलं. २०१८ पासून तिकिटाचा दर तारखेवर ठरतो, म्हणजे नाताळच्या आठवड्यातला दिवस महाग आणि शाळा चालू असतानाचा मंगळवार स्वस्त. जितके जास्त दिवस घ्याल तितका रोजचा दर उतरत जातो. मुलांचं तिकीट तिथे वयावर असतं: तीन वर्षांखाली फुकट, तीन ते नऊ मुलाचं, दहापासून मोठ्याचं. आणि मोठ्याच्या आणि मुलाच्या दरात फरक अगदी थोडा, हे आपल्या लोकांना पटतच नाही!

आता वाढवण्याबद्दल. मुदत संपायच्या आत तिकिटाचे दिवस वाढवता येतात किंवा एकाच दिवशी अनेक पार्कांत फिरायची सोय जोडता येते. फक्त फरक भरायचा. खाली मात्र येत नाही, अजिंक्यतारा म्हणाले तेच. पण शेवटचा दिवस वापरून घरी आलात आणि मग आठवलं, तर उपयोग नाही. आणखी एक चांगली सोय म्हणजे पूर्ण न वापरलेल्या तिकिटाची तारीख उलटली, तरी भरलेली रक्कम नव्या तिकिटात धरतात. माझ्या मामांना ऐनवेळी व्हिसा मिळाला नव्हता, तेव्हा ते पैसे असे वाचले. तिकीट एकाचं दुसऱ्याला मात्र चालत नाही, प्रवेशाला बोटाचा ठसा घेतात.

रांगेचं म्हणाल तर १९९९ मध्ये सुरू झालेला फास्टपास तिथे फुकट होता. २०२१ पासून त्या जागी पैसे घेऊन सोय मिळते. पाहुणे विचारतात, घेऊ का? मी विचारते, कोण कोण कशाकशात बसणार आहे ते आधी सांगा. निम्म्या माणसांना त्याची गरजच नसते.

अजिंक्यतारा

ताई, हा शेवटचा मुद्दा आमच्या चर्चेतून निसटलाच होता. एक्सप्रेस अकरा जणांना घ्यायचं की कुणालाच नाही, असंच आपण धरून चाललोय.

जतचे_गुरुजी

मी शाळेच्या सहली नेतो म्हणून लिहितोय. थोडं लांबेल.

आमच्या तालुक्यातून पार्काची सहल म्हणजे पोरांच्या वर्षातली मोठी गोष्ट. पालक ज्वारीच्या कापणीच्या मजुरीतून, दुधाच्या पगारातून पैसे बाजूला काढतात. एसटी महामंडळ शैक्षणिक सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत देतं, म्हणून प्रवास परवडतो. पार्कही शाळांना वेगळा दर देतात. त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी घेऊन आधी बोलून ठेवावं लागतं, खिडकीवर जाऊन तो दर मागता येत नाही.

एका पार्कात आमची पोरं एका मोठ्या राइडच्या रांगेत उन्हात उभी होती. शेजारच्या पट्ट्यातून एक्सप्रेसवाली माणसं येत आणि सरळ पुढे जात. एकदा नव्हे, सारखी. आमची रांग पुढे सरकायची आणि परत थांबायची. सहावीतल्या एका पोरीने मला विचारलं, "सर, ती आपल्या मागनं आली ना?" मी काय सांगणार होतो? ती पुढे गेली आणि उंचीच्या पट्टीपाशी पोचली तेव्हा चपला काढून, मान ताठ करून उभी राहिली. दोन बोटं कमी पडली. तासभर उभं राहून परत फिरली.

माझं म्हणणं दोन गोष्टींचं आहे. एक, उंचीची पट्टी रांगेच्या तोंडाशी असली पाहिजे आणि तिथल्या माणसाने पोराला आत सोडण्याआधी मोजलं पाहिजे. दुसरं, रांग विकत घेणं मला पटत नाही. तिकीट काढलेला प्रत्येक जण सारखाच पाहुणा आहे. वाढीव पैसे वॉटर पार्कचे घ्या, जेवणाचे घ्या, पण दुसऱ्याच्या वेळेचे घेऊ नका.

कोरेगावचा_घेवडा

गुरुजी, पटलं. चेष्टा बाजूला.

विट्याची_लेक

गुरुजी, त्या मुलीचं वाचून फार वाईट वाटलं. पण माझी बाजूही ऐका.

माझा मुलगा स्वमग्न आहे, वय अकरा. गर्दीत, आवाजात, पुढच्याचा धक्का आणि मागच्याचा धक्का खात तो वीस मिनिटांच्या वर उभा राहू शकत नाही. कान झाकून खाली बसतो. मग लोक बघतात, कुणी म्हणतं "आई-वडिलांनी लाडावलंय". आम्ही कित्येक वर्षं त्याला अशा ठिकाणी नेलंच नाही. एक्सप्रेस घेतलं तेव्हा तो पहिल्यांदा बोटीच्या राइडमध्ये बसला आणि उतरल्यावर माझा हात धरून परत त्याच दिशेला ओढायला लागला. माझ्यासाठी ती चैन नव्हती. मी कुणाच्या पुढे जायचं म्हणून पैसे भरले नाहीत. माझ्या पोराला इतरांसारखा एक दिवस मिळावा म्हणून भरले.

जतचे_गुरुजी

ताई, तुमच्या मुलाने माझ्या पोरांच्या पुढे जावं, हजारदा जावं. त्याला मी स्वतः वाट करून देईन. पण त्यासाठी तुम्हाला पैसे का पडावेत? ही सोय पार्काने फुकट द्यायला हवी. माझं भांडण ज्याच्या खिशात पैसे आहेत एवढ्याच कारणावर पुढे जाणाऱ्या रांगेशी आहे.

कासेगाव_ते_टॅम्पा

विट्याची लेक, डिस्नेमध्ये नेमकी अशीच सोय आहे आणि तिला जादा पैसे लागत नाहीत. स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अडचणी असलेल्यांची आधी नोंदणी करतात आणि मग त्यांना प्रत्यक्ष रांगेत न उभं राहता परत यायची वेळ देतात. कुटुंब तेवढा वेळ सावलीत बसतं.

आणखी एक सोय तिथे आहे. आईवडिलांपैकी एक जण लहान मुलाला घेऊन बाहेर थांबतो, दुसरा राइड करून येतो, आणि मग बाहेर थांबलेल्याला पुन्हा रांग न लावता सोडतात. यालाही पैसे नाहीत. सावळजकरांच्या अंगणवाडीतल्या पोरासाठी हे हवं. खोपोलीला अशी सोय आहे का, हे फोनवर जरूर विचारा. मागणी आली तर पार्कवाले विचार करतात.

मिरजेचा_करसल्लागार

विट्याची लेक, मुलाचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) काढलं असेल तर ते बरोबर ठेवा आणि जायच्या आधी पार्काला ईमेल करून सवलत आणि रांगेची सोय दोन्ही विचारा. लेखी उत्तर मिळालं की दारातल्या माणसाशी वाद घालावा लागत नाही.

मिरज_जंक्शन

उंचीचा विषय निघाला म्हणून. आम्ही सुट्टीत राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने बंगळूरला जातो, वंडरला पार्क तिथे म्हैसूर रस्त्यावर बिडदीजवळ आहे. तिथे मुलांचं तिकीट वयावर नसून उंचीवर आहे: ८५ सेंटीमीटरखाली फुकट, ८५ ते १४० मुलाचं, १४० च्या वर मोठ्याचं. रांग टाळायचं फास्टट्रॅक तिकीट वेगळं मिळतं. कॉलेजच्या ओळखपत्रावर विद्यार्थ्यांना सवलत असते, तेव्हा कॉलेजातल्या दोघांनी मूळ ओळखपत्र घ्यावं, मोबाइलमधला फोटो नव्हे.

सावळजकर, तुमचा सातवीतला मुलगा मोठ्याच्या तिकिटात बसतो की मुलाच्या, हे तिकीट काढायच्या आधी घरी भिंतीला उभं करून मोजा. बूट काढून.

फलटणकर

एक सावधगिरीची सूचना. सुट्टी जवळ आली की व्हॉट्सॲपवर "निम्म्या दरात तिकिटं" असे निरोप फिरतात. माझ्या मेहुण्याने अशाच एका एजंटाकडून पाच तिकिटं घेतली. छापील कागद, क्यूआर कोड, सगळं खऱ्यासारखं. दारात यंत्राने सांगितलं, ही तिकिटं आधीच वापरलेली आहेत. एकच तिकीट अनेकांना विकलं होतं. भाचरं दारात उभी राहून आतल्या कोस्टरवरचा आरडाओरडा ऐकत होती. शेवटी पुन्हा पूर्ण दराने तिकिटं काढली.

असं झालं तर लगेच १९३० वर फोन करा, तो ऑनलाइन फसवणुकीसाठी आहे. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम अडवली जायची शक्यता जास्त. आणि खऱ्याच तिकिटाबाबत पार्काशी किंवा ॲपशी तक्रार असेल, म्हणजे पैसे कापले आणि तिकीट आलं नाही वगैरे, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे मराठीत बोलता येतं.

वाईकर_काकू

तुम्ही सगळे रांगेवर बोलताय, पोटाचं कुणी बोलत नाही! बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात. मी गाडीत भडंग, दशम्या, शेंगदाण्याची चटणी ठेवते. दुपारी बाहेर येऊन खायचं आणि परत आत जायचं. पण परत आत सोडतात का आणि हातावर शिक्का मारून घ्यावा लागतो का, हे दारातच विचारून घ्यावं.

वॉटर पार्क करणार असाल तर सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचेच लागतात. घरून न्या, नाहीतर तिथे भाड्याने घ्यावे लागतात. अकरा जणांचं भाडं आणि लॉकरचे पैसे धरले की कॉम्बोतली बचत तिथेच संपते. एकाच दिवसात दोन्ही पार्क तर मुळीच करू नका, कशातच धड मन रमत नाही. लहानगं पाण्यातून बाहेर यायचं नाव घेत नाही आणि मोठी तिकडे कोस्टरसाठी तळमळत असतात.

धोम_धरण

काकूंना जोरदार अनुमोदन. इमॅजिकाचं थीम पार्क २०१३ चं, वॉटर पार्क २०१४ मध्ये आलं आणि स्नो पार्क २०१६ मध्ये. एकेक वेगळा दिवस मागतं.

आमच्या लहानपणी पार्क म्हणजे गोराईचं एस्सेल वर्ल्ड. १९८९ मध्ये सुरू झालं. साताऱ्याहून रात्री एसटी निघायची, पहाटे मुंबई, मग खाडीतली बोट. निम्म्या पोरांनी तोवर समुद्र पाहिलेलाच नसायचा. बोटीतच सगळे इतके खूश असायचे की पार्क लागलं नसतं तरी चाललं असतं. तेव्हा तिकीट एकच होतं आणि रांगही एकच. गुरुजी, तुमचं म्हणणं म्हणून मला जवळचं वाटतं.

कोरेगावचा_घेवडा

त्या बोटीत मी शेजारच्या वर्गशिक्षिकांच्या पदराला धरून बसलो हुतो. त्या मला आजून "बोटीवाला" म्हणत्यात 😄

माहुली_संगम

मूळ प्रश्नातल्या आई-बाबांकडे येतो. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. म्हणजे अष्टविनायकांपैकी दोन त्याच भागात: महडचा वरदविनायक खोपोलीजवळ आणि पालीचा बल्लाळेश्वर त्याच रस्त्याने पुढे. सत्तरीच्या माणसांना उन्हात दिवसभर फिरवून थकवण्यापेक्षा त्यांना ही दोन दर्शनं घडवा. पार्काची दोन तिकिटं वाचतील हा भाग वेगळा. त्यांचा दिवस सार्थकी लागेल.

वाईकर_काकू

माहुली भाऊ, म्हाताऱ्या माणसांनी देवळातच जावं असं कुणी ठरवलं? माझे सासरे पंचाहत्तरीत इमॅजिकाला आले होते. ते आय फॉर इंडिया म्हणून आहे ना, त्यात खुर्ची पडद्यासमोर अधांतरी उचलतात आणि आपण देशावरून उडत चाललोय असं दिसतं. उतरल्यावर डोळे पुसत होते. विमानात कधी बसले नव्हते. नातवंडांबरोबर डायनासोरच्या बोटीतही बसायचा हट्ट धरला होता त्यांनी, राजासॉरसच्या. तो डायनासोर आपल्या देशातला, गुजरातेत नर्मदेच्या खोऱ्यात त्याचे अवशेष सापडले, २००३ मध्ये नाव मिळालं, हे नातीने त्यांना सांगितलं. मग गावभर तेच सांगत फिरले.

आई-बाबांना आधी विचारा. ज्येष्ठांचा दर असतो का ते बघा आणि आधार कार्ड बरोबर ठेवा.

सावळजकर

काकू, विचारलं. बाबा म्हणाले, "मला वरदविनायक." आई म्हणाली, "मी पोरांबरोबर येणार, मला उडायचंय." बाबा अजून तिच्याकडे बघतायत.

मिरज जंक्शन, सातवीतल्याला दाराच्या चौकटीला उभं केलं, मोजपट्टी लावली. १४३ भरला. स्वतःची उंची ऐकून त्याने आधी आजीला मिठी मारली.

अजिंक्यतारा

१४३ म्हणजे तो मोठ्या राइडच्या जवळपास पोचला. पण प्रत्येक राइडची उंचीची अट वेगळी असते, पार्काच्या यादीत नायट्रो या मोठ्या रोलर कोस्टरची बघून घ्या. नायट्रो ४० मीटर उंच आहे, पायाखाली फळी नसते आणि पाच वेळा उलटं फिरवतं. त्याची मनाची तयारीही विचारा. वर गेल्यावर नको म्हणून चालत नाही.

विट्याची_लेक

मग आता वाटणी करा बघू. मोठ्या राइड कोण करणार? कॉलेजातली दोघं, सातवीतला आणि मोठ्यांपैकी एखादा. दुसरीतली आणि अंगणवाडीतला उंचीमुळे तिथे जाऊच शकत नाहीत, त्यांच्यासाठी एक्सप्रेस म्हणजे पैसे पाण्यात. आई संथ गोष्टी करणार. म्हणजे एक्सप्रेस चौघांनाच. बाकीच्यांचं साधं, बाबांचं काहीच नाही. माझं पहिलं म्हणणं मी यामुळे बदलते: घरूनच घ्या, पण फक्त चौघांचं.

मिरजेचा_करसल्लागार

हा हिशेब मला मान्य. अकरांऐवजी चौघांचा फरक भरायचा म्हटल्यावर "तिथे बघू" म्हणत जोखीम घ्यायचं कारणच उरत नाही. फक्त मुदतीआधी तारीख बदलता येते का ही अट वाचा. दिवाळीत परतीच्या पावसाने हजेरी लावली तर उघड्यावरच्या राइड थांबवतात, आणि पावसासाठी पैसे परत मिळतील असं गृहीत धरू नका.

जतचे_गुरुजी

सावळजकर, माझा विरोध तत्त्वाचा आहे, तुमच्या पोरांशी नाही. तुमच्याकडे वर्षातला एक दिवस आहे हे मी समजतो. एवढंच करा: चौघांना सांगा, शेजारच्या रांगेत एखाद्या शाळेची पोरं दिसली तर ओरडत, चिडवत पुढे जाऊ नका. आणि परत आल्यावर पार्काला दोन ओळी लिहा, उंचीची पट्टी रांगेच्या तोंडाशी ठेवा म्हणून. तुमच्यासारख्या गिऱ्हाइकाचं ते ऐकतील. मीही लिहिलंय.

सावळजकर

गुरुजी, दोन्ही करतो. शब्द दिला.

ठरलं असं: चार एक्सप्रेस, सहा साधी, सगळी थेट पार्काकडून. वॉटर पार्क यावेळी नाही. सकाळी दार उघडताना आम्ही तिथे. आदली रात्र खोपोलीत. काकूंची भडंग गाडीत. आता फक्त बाबांचं राहिलं. त्यांना एकट्याला महडला कसं पाठवू? गाडी दाजी चालवणार आणि दाजींना नायट्रोत बसायचंय.

माहुली_संगम

साताऱ्याहून ड्रायव्हरसकट गाडी करा. तुम्हाला दारात सोडून तीच गाडी बाबांना आधी महडला नेईल, मग पालीला. दोन्ही देवळांत फार चढ नाही. फक्त चतुर्थी असेल तो दिवस टाळा, पालीला रांग लागते.

कोरेगावचा_घेवडा

आणि तिथं एक्सप्रेस मिळत न्हाई, बाबांना सांगून ठेवा 😄

सावळजकर

कॅलेंडर बघितलं, आमच्या तारखेला चतुर्थी नाही. माहुलीभाऊ, साताऱ्यातला एखादा खात्रीचा ड्रायव्हर असेल तर व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवा. सावकाश चालवणारा पाहिजे, बाबांना घाटात मळमळतं.